मागच्या सीटचं मोजमाप

नाना पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये
दस्तगीर अत्तार टेप घेऊन वाकतात,
मागच्या चाकाच्या आसापासून
शेपटावर चिकटवलेल्या कागदी पट्टीपर्यंत.
"सहाशे बारा," ते म्हणतात,
आणि सोपान खडूने शटरवर लिहितो.
"आता दोघं बसा. पेट्या लावून. पाय वर.
साहेब, श्वास सोडा. अंग नका चोरू,
गाडीला सगळं कळतं."

पुढे मी. मागे श्रीरंग, ब्याण्णव किलो,
उजवा गुडघा नवा, धातूचा,
मार्गशीर्षापासून ब्रेकवर पाय ठेवायला बंदी.
"पाचशे एकोणपन्नास."
शटरवर वजाबाकी. त्रेसष्ट.
ऐंशीतले त्रेसष्ट मिलिमीटर
आम्ही बसल्या जागीच खाल्लेले.
रस्त्यासाठी उरले सतरा.

श्रीरंग म्हणतो, शॉकअप कडक आहे, मऊ करा.
"उलटं आहे साहेब. मऊ आहे, म्हणून लागतं.
पूर्ण खाली बसतो आणि तळाला आपटतो."
मग बोटाला लागलेलं जुनं ऑइल दाखवतात,
काळं, पाण्यासारखं पातळ.
"स्प्रिंग धक्का उधार घेते.
ऑइल तो हप्त्याहप्त्यानं फेडतं.
ऑइल मेलं की स्प्रिंग सगळं एकदम परत करते,
मागे बसलेल्याच्या कमरेत."

मागे बसलेली.
मी मनातल्या मनात दुरुस्त केलं.

अठरा वर्षं.
गोकर्ण, हंपी, एकदा थेट भूजपर्यंत,
आणि रोज संध्याकाळी सहकारनगरात
कुणा सोसायटीनं हौसेनं घातलेले स्पीडब्रेकर.
मी म्हणायची, अरे, हळू.
हा म्हणायचा, मला तर काहीच जाणवलं नाही.
कमरेला शेकायची पिशवी
मी सामानात सगळ्यात वर ठेवायची,
टूलकिटच्याही वर.

"आधी कसं चालायचं मग?" सोपान विचारतो.
"आधी ते पुढे होते, मी मागे."
दस्तगीरभाई टेप गुंडाळतात.
"वजन तेवढंच," ते म्हणतात. "जागा बदलली."

सत्तेचाळिसाव्या वर्षी खडकीच्या मैदानावर
मी गाडी शिकले. दोनदा पाडली.
तिसऱ्या आठवड्यात हा मागे बसला,
आणि त्याच स्पीडब्रेकरवर
माझ्या कानाशी ओरडला, अगं, हळू!
तोंडात उत्तर तयारच होतं, अठरा वर्षांचं मुरलेलं.
पण ते बाहेर पडायच्या आत लक्षात आलं
की मला खरंच काही जाणवलं नव्हतं.
पुढे जाणवतच नाही.
दोन चाकांच्या मधे बसलेल्याला
रस्ता नुसता दिसतो.

तर आता जाड तारेची नवी स्प्रिंग, घट्ट ऑइल,
सी-पान्यानं कॉलर तिसऱ्या खाचेवर,
डावीकडे तीन, उजवीकडेही तीनच,
"नाहीतर वळणात गाडी कुरकुरते, वहिनी."
पुन्हा बसलो. पाचशे पंच्याऐंशी.
सत्तावीस. सोपाननं आकड्याभोवती गोल केला.
बिलाचा आकडा बघून श्रीरंग
जरा जास्तच जोरात श्वास सोडला.

रविवारी दिवे घाट.
डांबराची ठिगळं, तुटलेल्या कडा, एक खड्डा
जो मी उशिरा पाहिला.
गाडी खाली गेली, वर आली, एकदाच,
आणि गप्प झाली.
मागेही गप्प. मला भीती वाटली.
वरती पोचल्यावर खांद्यावर थाप:
"थांब जरा."
"लागलं का रे?"
"नाही. चहा."

टपरीवर तो उभाच राहिला,
मागच्या सीटवर पालथा पंजा ठेवून,
कापड घेताना पोत बघावा तसा.
मग म्हणाला, "किती अरुंद आहे गं ही.
अठरा वर्षं तू हिच्यावर?"

चहा फार गरम होता.
मी बशीत ओतला, फुंकर घातली.
उत्तराला काही घाई नव्हती.